गवतांची भावकी

ज्वारी निसवायला लागली की माझं डोकं फिरतं. कॉलेजात हे आता सगळ्यांना माहीत झालंय. मार्गशीर्ष लागला की मॅडमच्या वाटेला जायचं नाही, असं पोरी एकमेकींना बजावतात, आणि ते मला ऐकू जाईल अशा बेतानं बजावतात. धाराशिवहून वाशीकडं जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसते. दोन्ही बाजूंना रानं. पानाचं म्यान उभं फाडून कणसं बाहेर पडत असतात. लोक गाड्या थांबवून त्या हिरव्यागार रानात उभं राहून फोटो काढतात. मला ती फाटलेली म्यानंच दिसतात. माझ्या मुठी वळलेल्या आहेत हे एकदा शेजारच्या बाईनं मला दाखवून दिलं, आणि पिशवीतली चार बोरं काढून माझ्या हातावर ठेवली.

मी गवताची फुलं शिकवते. हे सांगितलं की लोक हसतात. गवताला कुठं फूल असतं का, म्हणतात. असतं. रंग नसतो, वास नसतो, पाकळ्या नसतात, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही एवढंच. फूल म्हणजे काहीतरी नाजूक, देवाला वाहायचं, अशी ज्यांची समजूत असते त्यांना मी एकदा भल्या सकाळी ज्वारीच्या रानात भिंग घेऊन उभं करते. दोन टणक तुसं एकमेकांवर आवळून बसलेली असतात. त्यांच्या आत, बुडाशी, मोहरीहून बारीक असे दोन मांसल तुकडे असतात. गुलाबाला ज्या जागी पाकळ्या येतात त्याच जागी गवताला हे येतात. पाकळ्यांची गवतात ही गत झाली. पहाटे हे तुकडे पाणी पिऊन फुगतात आणि पाचर ठोकल्यासारखी तुसं फाकवतात. तीन परागकोश बाहेर लोंबतात, टोकाला फुटतात, वारा येईल तिकडं पिवळी भुकटी उडते. मग तुकडे सुकतात आणि तुसं पुन्हा मिटतात. उन्हं चढेपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

त्याच्याही आधीची गोष्ट पोटरीत घडते. कणीस अजून पानाच्या आत असताना पोटरी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की इवले इवले उंचवटे दिसतात. प्रत्येक उंचवट्यावर दोन फुलांची तयारी सुरू होते आणि त्यातल्या एकाला वाढू दिलं जात नाही. त्याची जागा राहते, नावाला एक तूस राहतं, बाकी आतलं सगळं थांबतं. मक्याच्या तुऱ्यात तर बीजकोश घडायला घेतलेला असतो आणि तिथल्या पेशी मारून टाकल्या जातात. मी हे शिकवताना ‘मारून टाकल्या जातात’ असंच म्हणते. ‘ऱ्हास पावतात’ असं पुस्तकात आहे, ते मला पटत नाही.

ज्वारीचं कणीस नीट बघितलं तर ते फुलांच्या बारीक बारीक जोड्यांचं केलेलं असतं. एकेका जोडीत दोघी. एक बुडाला चिकटून बसलेली, गुबगुबीत, तिच्यात दाणा भरतो. दुसरी तिच्या शेजारी बारीक देठावर उभी, रोडकी, तिच्यात दाणा भरत नाही. पुस्तकात हिला वांझ म्हटलंय. मी वर्गात तो शब्द वापरत नाही, कुणी वापरला तर खडू फेकून मारते. माझ्या काकीला गावानं तो शब्द आयुष्यभर तोंडावर मारला. मी दोन वर्षांची असताना माझी आई गेली, आणि त्या बाईनं मला न्हाऊमाखू घातलं, उवा काढल्या, पाटी-पेन्सिल आणून दिली.

ही जोडीची रीत एका मोठ्या भावकीची आहे. ज्वारी, ऊस, मका, वाळा, गवती चहा, माळावरचं कुसळ, ही सगळी एका मूळपुरुषाची पोरं. गहू आणि भात लांबच्या घरातले. शिकत असताना मी येडशीला रामलिंगाच्या डोंगरात कुसळ गोळा करत हिंडायचे. कुसळाच्या बियाला सुईसारखं टोक असतं आणि मागं पीळ घातलेली शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की परत बसतो, आणि टोक आत आत जात राहतं. जमिनीत जायचं म्हणून केलेली सोय, पण जमीन आणि कातडं यातलं अंतर त्याला कळत नाही. एका धनगरानं मला त्याचं मेंढरू उलथं पाडून दाखवलं होतं. पोटाला लोकरीखाली सगळीकडं ठिपक्या ठिपक्यांनी रक्त आलेलं, आणि तो चिमट्यानं एकेक कुसळ ओढून काढत होता. मेंढरू ओरडत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. मी तिथंच त्या गवताचं चित्र काढायला बसले, कारण मला चांगलं फुललेलं कुसळ मिळालं होतं.

तेव्हा मी अशीच होते. मला फुलं दिसायची, बाकी काही दिसायचं नाही.

आमचं रान वाशीच्या अलीकडं. वडिलांना मी आण्णा म्हणते. त्यांचे धाकटे भाऊ ते नाना, आणि नानांची बायको ती काकी. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या आणि मधोमध बांध पडला. बांध कुठून कुठं, यावरून पहिल्याच वर्षी दोघा भावांची तोंडं वाकडी झाली होती, पण चूल वेगळी झाली तरी माझं ताट काकीकडंच असायचं. काकीचं माहेर उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवर. तिच्या बोलण्यात कानडी शब्द यायचे. बांधाची माती पावसात ढासळते म्हणून तिनं माहेराहून वाळ्याचे गड्डे आणून त्या बांधावर लावले होते. ती वाळ्याला लावंच म्हणायची. चार वर्षांत बांध घट्ट झाला. वाळा पुरुषभर वाढायचा आणि दिवाळीच्या सुमारास त्याला जांभळट तुरे यायचे.

आण्णा बियाण्याची ज्वारी करायचे. वाण मालदांडीच, पण त्यांच्या हातची. रानाच्या मधल्या ओळींतली ताटं ते निसवतानाच हेरून ठेवायचे, त्यांना खुणेची चिंधी बांधायचे, त्यांचंच बी वेगळं काढायचे. सात-आठ गावांतले लोक आमच्या घरून बी न्यायचे. विद्यापीठात मला फुलातला नर काढायला शिकवलं होतं. उद्या उघडणारं फूल आदल्या दुपारी निवडायचं, सुईनं तुसं फाकवायची आणि तिन्ही परागकोश न फुटता उपटायचे. दहातली सात फुलं माझ्या हातानं चिरडायची. एका सुट्टीत आण्णांनी माझ्या हातातली सुई घेतली आणि त्या जाड, भेगाळलेल्या बोटांनी शंभरेक फुलं साफ केली, एक न चिरडता. मला त्यांचा राग आला होता, ते आठवतं. आणि त्यांचा अभिमानही वाटला होता.

त्या मार्गशीर्षात मी शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीला घरी आले होते. घरात सुतकी शांतता. बी नेलेले लोक एकामागून एक येत होते आणि हातातलं कणीस ओसरीवर टाकत होते. सगळ्यांच्या रानात तेच. इतरांच्या आधी निसवलेली, उंच, दांडगी ताटं, मोकळी काळपट कणसं, त्यांवर कुसळं. आमच्या रानातही ती ठिकठिकाणी उभी होती. आण्णांच्या बियाण्यात रानटी निघालं, असं एकजण सरळ म्हणाला. आण्णांनी त्याला चहा पाजला, वाटेला लावलं, आणि मग रानात जाऊन ती ताटं मुळासकट उपटून पायाखाली तुडवली. तीन दिवस ते जेवले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, एवढं शिकलीस, तर हे कशानं झालं ते सांग.

वडिलांनी मुलीला असं काही विचारावं याची मी किती वर्षं वाट बघत होते कोण जाणे. मी भिंग घेतलं आणि रानात गेले. बांधावर वाळ्याचे तुरे वाऱ्यानं हलत होते. मी एक तुरा तोडला, त्यातली जोडी सुईनं सुटी केली आणि ज्वारीच्या जोडीशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवली. एक बसलेली, एक देठावरची. इकडंही तेच, तिकडंही तेच. उसाचा आणि ज्वारीचा संकर माणसानं घडवून आणलाय हे मी वाचलेलं होतं. मग वाळ्याचा का होणार नाही? मला ते इतकं स्पष्ट दिसलं की मी तिथूनच आण्णांना हाका मारल्या. आण्णांना मी भिंगाशी बसवलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. दोन्ही सारखीच हायती की, असं ते पुटपुटले.

काकी धुणं घेऊन चालली होती, ती थांबली. वाकून तिनं कागदाकडं बघितलं. भिंग तिला कुणी दिलं नाही.

“लावंच हाय गं त्यो,” ती म्हणाली. “माझ्या माहेरचा. त्याचा न् ज्वारीचा काय संबंध?”

“काकी, तुला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणाले.

तिनं पदर खोचला. बादली उचलून निघून गेली. मी पुढं आण्णांना समजावत राहिले. भावकी एकच, वारा भुकटी नेतो, मागच्या वर्षी इथून उडाली असणार, मधल्या ओळींपर्यंत पोचली असणार. आण्णा मान हलवत होते. नानांच्या बांधावरची घाण, असं काहीतरी ते म्हणाले. बांध दोघांचा होता, पण त्या दिवसापासून वाळा नानांचा झाला.

मग येळवस आली. आमच्याकडं हा सण दिवाळीपेक्षा मोठा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. वाटण्या झाल्या तरी आमची कोप एकच असायची, बांधाला लागून. नाना त्या साली ढोकीच्या बाजूला ऊसतोडीला गेले होते, येळवशीपुरते आदल्या दिवशी घरी आले. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम आणलेला ऊस काढला आणि त्यांच्या कोयत्यानं सोलून मला कांडकी करून दिली. किती वाळलीस गं, खा, म्हणाले. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाच घोंगडीवर बसले होते.

दिवस कलला की कडब्याची चूड पेटवून रानाच्या कडेकडेनं पळवायची रीत आहे. रोगराई जावी, पीक राखलं जावं म्हणून. चूड घरचा थोरला घेतो. आण्णा चूड घेऊन निघाले, रानाला अर्धी चक्कर घातली आणि बांधाशी आल्यावर थांबले. त्यांनी काय ठरवलंय हे मला कळलं. मी ओरडले नाही. मला वाटलं, बरोबर आहे. त्यांनी चूड वाकवून वाळ्याच्या गड्ड्याला लावली, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. वाळलेलं पातं होतं, भडकलं. बघता बघता सगळा बांध पेटला. ज्वाळा नानांच्या रानाकडं वाकल्या आणि कडेच्या दोन ओळी जागच्या जागी करपल्या.

नाना बांधाच्या पलीकडून धावत आले. कोयता हातातच होता. आण्णा चूड उंच धरून उभे होते आणि शिव्या देत होते, भावाला, भावाच्या बायकोला, तिच्या माहेराला. तिनं जल्मात येक पोर दिलं न्हाय आन् माझ्या बियाण्याचा वंस बुडवला, असं ते म्हणाले. कोयता एकदाच वर गेला. चूड खाली पडली आणि तिच्याबरोबर बोटं पडली.

पुढचं मला सलग आठवत नाही. नाना पुन्हा हात उचलत होते आणि काकीनं त्यांच्या पायांना मिठी मारून त्यांना खाली पाडलं. मग तिनंच पदर फाडून आण्णांचा हात बांधला. रक्त थांबत नव्हतं, पदर लगेच भिजला, तिनं उरलेला फाडला. मी गुडघ्यावर बसून गरम राखेत बोटं शोधत होते. बोटं जोडता येतात हे मी ऐकलं होतं. दोन सापडली, तिसरं सापडलं नाही. ती दोन मी आंबिलीच्या रिकाम्या मडक्यात घालून दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी मडक्यात डोकावून नुसती मान हलवली. आण्णांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी राहिली.

नाना पळून गेले नाहीत. पोलीस आले तेव्हा ते बांधावरच बसलेले होते. म्या मारलं, एवढंच ते तिथं म्हणाले आणि कोर्टातही तेवढंच म्हणाले. त्यांना सजा झाली. काकी पुढचे हंगाम ऊसतोडीला गेली. नवरा-बायकोच्या जोडीला फडावर एक कोयता म्हणतात. काकी अर्धा कोयता म्हणून गेली.

येळवशीनंतर दीड-दोन महिन्यांनी मी विद्यापीठात परतले. आमच्या विभागातल्या बाईंना घरी काय झालं ते अर्धवट कळलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, वाळ्याच्या जोडीचं चित्रही दाखवलं. चित्र त्यांना आवडलं. मग त्या म्हणाल्या, अगं, भावकी खरी, पण किती लांबची. मधे किती पिढ्या गेल्या असतील याला मोजदाद नाही. ऊस आणि ज्वारी जवळचे, तरी त्यांचा संकर घडवताना लोकांचे हात टेकले. वाळ्याची भुकटी ज्वारीवर पोत्यानं ओतलीस तरी दाणा धरायचा नाही. जोडी सारखी दिसली म्हणून नातं जवळचं ठरत नाही. मी चित्र गुंडाळायला लागले. त्यांनी सहज विचारलं, मागच्या वर्षी तुला रानटी ज्वारीचं बी दिलं होतं चित्रं काढायला, ते कुठं लावलंस?

विहिरीवर लावलं होतं. वीस-पंचवीस ताटं. आण्णांच्या बियाण्याच्या रानाला लागून, वाऱ्याच्या बाजूला. जी पाच-सहा कणसं मला चित्रांसाठी हवी होती त्यांना मी बाहेरची भुकटी लागू नये म्हणून कागदी पिशव्या घातल्या होत्या. बाकीची उघड्यावर फुलली. आण्णा येता-जाता त्यांना पाणी द्यायचे, पोरीच्या अभ्यासाची झाडं म्हणून.

मी विभागाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मग तोंड धुऊन आत आले आणि उरलेली चित्रं पूर्ण केली. त्या चित्रांना बक्षीस मिळालं. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगून बोटं थोडीच परत येणार आहेत, असं मी स्वतःला म्हणायचे. माझी लेक लई शिकलेली, तिनं भिंगातून दाखवलं म्हणून कळलं, असं आण्णा येईल त्या माणसाला सांगायचे, ती दोन बोटं उडवत. तो माणूस माझ्याकडं आदरानं बघायचा. मला नोकरी लागली तेव्हा आण्णांनी गावात पेढे वाटले. मी भित्री होते, आणि मला मान हवा होता.

वाळा जळून मरत नाही. त्याची मुळं खोल असतात. पुढच्या पावसात गड्डे फुटले. तेव्हा नाना आत होते. काकी टिकाव घेऊन बांधावर आली आणि तिनं एकेक गड्डा खणायला सुरुवात केली. दरवर्षी. कितीही खणलं तरी एखादं मूळ राहायचं, पुढल्या वर्षी फुटायचं, ती पुन्हा यायची. पात्यांच्या कडांनी तिचे हात मनगटापर्यंत कापले जायचे. सगळ्या रानात वाळ्याच्या मुळांचा तो थंड वास सुटायचा, आणि बांध मात्र दर पावसाला ढासळायचा, कारण त्याला धरून ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं. मी सुट्टीला आलेली असले की ती बांधापलीकडून मला सांगायची.

“भावजींला सांग, यंदा येकबी ठिवला न्हाय.”

मी मान हलवायचे. एकदा नव्हे, पंधरा-सोळा वर्षं मी मान हलवली. नाना सुटून आले, म्हातारे झाले, भावाभावांत बोलणं कधीच सुरू झालं नाही, आणि काकी खणत राहिली. एकदा तर तिनं वर पाहून हसून म्हटलं होतं की तू दाखवलंस म्हणून, न्हायतर आमा अडान्यांला काय कळतंय. ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे मारता यायचे नाहीत.

यंदाच्या आषाढात काकी तापानं गेली. मी परीक्षेच्या कामात होते, पोचले तेव्हा सगळं झालं होतं.

गेल्या पंधरवड्यात मी वर्गात भावकी शिकवत होते. टेबलावर ज्वारी, ऊस आणि वाळा, तिघांच्या जोड्या भिंगाखाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं की मॅडम, इतकी सारखी आहेत तर यांचा संकर होतो का? साधा प्रश्न. मी टेबलावरचं भिंग उचलून भिंतीवर आपटलं. काच सगळीकडं उडाली, पुढच्या एकीच्या गालाला लागली, रक्त आलं. मी तिला रुमाल दिला, माफी मागितली, आणि तशीच एसटी स्टँडवर गेले.

रानाकडं जाताना बांध लागला. वाळा चांगला कमरेपर्यंत आला होता. खणायला कुणी आलं नव्हतं.

आण्णा ओसरीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाळ्याचं सांगितलं आणि माझ्या झाडांचं सांगितलं. त्यांनी मधे एकच विचारलं.

“हिरीवरची?”

“व्हय.”

ते भिंतीला धरून उठले. माझ्याजवळ आले आणि उजव्या हातानं माझ्या तोंडात मारली. पंचाहत्तरीच्या माणसात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. मग दुसरी मारली. तिसऱ्यांदा हात उचलला, तो तसाच हवेत राहिला, आणि ते खाली बसले. म्या त्यांला पाणी घालत व्हतो, एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले की जा, नानाला सांग, माझ्याम्होरं रडू नको.

नाना रानातल्या लाकडी माळ्यावर उभे राहून गोफणीनं पाखरं हाणत होते. मी खालूनच बोलले, कारण वर चढले असते तर बोलले नसते. ते ऐकत होते. गोफणीत दगड होता, तो त्यांनी काढून खिशात ठेवला. मी थांबल्यावर ते खाली उतरले. मला वाटलं तेही मारतील. मारावं असं मला वाटत होतं.

“कोयता त्या वाळ्यापायी नव्हता उठला,” ते म्हणाले. “तुझ्या बाची जीभ माझ्या बायकूवर गेली म्हून उठला. त्यो उठलाच असता. त्याची सजा म्या खाल्ली, तुझ्याकडं त्याचं काय न्हाय.”

मला रडू फुटलं. सुटल्यासारखं झालं असेल, खोटं कशाला बोलू. नाना माझं रडणं होईपर्यंत थांबले. त्यांचा आवाज चढला नाही.

“लई ताप व्हता तिला. शेवटी शेवटी कानडीतच बोलायची. येक दिस उठून बसली आन् मला म्हणाली, बांधाला येक गड्डा ऱ्हाइलाय, तेवढा काढा, भावजींच्या बियाण्याला लागंल. म्या म्हणलं काढतो. मग परत म्हणाली, माझ्या माहेरच्या गवतानं भावजींची बोटं खाल्ली. तेच म्हणत गेली.”

त्यांनी खिशातला दगड काढून गोफणीत घातला.

“मला काय सांगती, वैशे. तिला सांगायचं व्हतंस.”

आणि ते पुन्हा माळ्यावर चढले.